सत्त्याण्णव खुणांची पुंगळी

३ मार्च

साहेब,

या नावाने तुला हाक मारणारा जगात एकच माणूस आहे, त्यामुळे पत्र कुणाचं ते पहिल्याच शब्दाला कळलं असेल. फाडायचं असेल तर फाड, पण हे पान तरी संपव. सात वर्षांनी लिहितोय. अक्षर पूर्वीइतकंच वाईट आहे.

पत्ता नेमबाजीच्या मैदानावरच्या काकांनी दिला. त्यांच्या पोटात काही राहत नाही हे तुला ठाऊक आहेच. भाचीकडे राहायला गेले होते, तिथल्या लाँड्रीत कपडे टाकायला गेले तर काउंटरमागे तू. म्हणाले, अंगाने वाळली आहे, पण उभी राहते ती तश्शीच, एका पायावर भार टाकून, आत्ता भांडेल अशी. तुला मुलगी झाल्याचंही त्यांच्याकडूनच कळलं. दीड वर्षाची आहे आणि भुवया आपल्या घरच्या आहेत म्हणे. बिचारी.

इकडे सगळं ठीक आहे. आई बरी आहे, जिना चढताना गुडघ्यांना शिव्या घालते. दादाच्या खोलीत तिने शिवणाचं मशीन नेलंय, कारण तिथे उजेड चांगला येतो. मी तुला लिहितोय हे तिला माहीत नाही.

मी अजून काडतुसांच्या पुंगळ्याच करतो. हसू नकोस. प्लॅस्टिकच्या पुंगळ्यांचा माझा राग अजून गेलेला नाही. काडतूस झाडलं, पुंगळी फेकली, फार तर सहा-सात वेळा पुन्हा भरली की तिचं तोंड चिरलं. काका रोज पोतं भरून लाल-हिरवा कचरा गोळा करायचे आणि नेमबाजांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. ते ऐकूनच दादा एकदा म्हणाला होता, बाबा, फेकावी लागणार नाही अशी पुंगळी मला करून द्या. मग मी जे सुरू झालो ते आजतागायत. पितळेच्या सळीतून एकाच तुकड्यात कातलेली, तळ जाड, भिंत पातळ, तोंड किंचित आत वळवलेलं, म्हणजे छर्‍यांवरची पुठ्ठ्याची चकती ते धरून ठेवतं. पहिल्या दहा झाल्या तेव्हा तू बारा वर्षांची होतीस. मायक्रोमीटर घेऊन बसलीस आणि तीन माझ्या पुढ्यात सरकवल्यास. 'भिंत एका बाजूला जाड आहे, परत घ्या.' त्या दिवसापासून तू साहेब आणि मी तुझ्या हाताखालचा टर्नर.

आता नवी रचना केली आहे. तळाच्या आत पोलादाची कडी बसवतो. काही कारणाने पितळ मऊ पडलं तरी पोलाद दाब सहन करतं. अगदी साधी गोष्ट आहे. सात वर्षांपूर्वीच सुचायला हवी होती. असो.

उत्तराची घाई नाही. थंडी असेल तर मुलीच्या पायात मोजे घालत जा.

बाबा


२१ मार्च

साहेब,

उत्तर आलं नाही. येईल असं धरूनही चाललो नव्हतो, पण पोस्टमन गल्लीच्या तोंडाशी दिसला की माझा हात लेथवरच थांबायचा. तो बिचारा विजेचं बिल देऊन पुढे जायचा. चार दिवसांनी तर मला बघून लांबूनच मान हलवायला लागला.

काल काका वर्कशॉपमध्ये येऊन बसले. एक गोष्ट त्यांनी मला पहिल्यांदा सांगितली नव्हती. पोटात काही राहत नाही त्यांच्या, पण ही तीन आठवडे राहिली, म्हणजे बघ. तुझ्या मुलीला खोकल्याचे थेंब दिलेत. रोज दोनदा, आठ थेंब. ते तू मोजत नाहीस. बाटली घेऊन शेजारच्या बाईंचं दार वाजवतेस, त्यांनी मोजून द्यायचे आणि तू पाजायचे. त्या बाईंनी एकदा कारण विचारलं, तर तू म्हणालीस, 'माझा हात मोजण्यात चुकतो.' त्या बाई म्हणजेच काकांची भाची.

मी लेथ बंद केलं आणि स्टुलावर बसून राहिलो. चहा आला होता, तो तसाच निवून गेला. काका म्हणाले, येतो मी, आणि मी त्यांना बसा म्हणालो नाही.

आपण दोघांनी दादा गेला त्या सकाळबद्दल एकमेकांशी कधीच सरळ बोलणं केलेलं नाही, म्हणून आज लिहितो. मैदानाच्या शेडमध्ये बसून तू पंचवीस पुंगळ्या भरल्यास. दादा बाहेर मातीच्या चकत्यांवर सराव करत होता. सोळा बार नीट झाले. सतराव्याला बंदूक मागच्या बाजूने फुटली, आणि दवाखान्यात पोचेपर्यंतही तो राहिला नाही. तीन दिवसांनी क्लबच्या कमिटीने आपल्याला बोलावलं. त्यांचं म्हणणं, माझी पुंगळी आतून ऐसपैस, तिच्यात चुकून बंदुकीची दारू दुप्पट पडली तरी बाहेर सांडत नाही, चकती बसते, वरून काही कळत नाही. प्लॅस्टिकच्या पुंगळीत असं होत नाही. त्यांनी तुला विचारलं, दोनदा घातलीस का? तू म्हणालीस, आठवत नाही. मधे मी तुला हाक मारली होती, तू उठून गेली होतीस, परत येऊन बसलीस आणि कुठपर्यंत आलो होतो हे नक्की आठवत नाही. एवढं खरं तिथे त्या दिवशी दुसरं कुणीच बोललं नाही. मग त्यांनी मला विचारलं, पुंगळीत दोष असू शकतो का? मी म्हणालो, दारू दुप्पट पडली असेल तर कुठलीही पुंगळी फुटेल. शब्दन् शब्द बरोबर आहे. मी खोटं बोललो नाही, असं मी पुढे सात वर्षं स्वतःला बजावत आलो.

साहेब, दारू दुप्पट पडली नव्हती. तुझा हात चुकला नव्हता. पुंगळीचा तळ मऊ पडला होता.

कसा ते सांगतो. वीसेक वेळा झाडली की पुंगळीचं तोंड कडक होतं आणि चिरायला बघतं. मग ते तापवून नरम करायचं. ट्रेमध्ये पाणी, पाण्यात पुंगळी उभी, वरून गॅसची ज्योत. तळ पाण्यात असल्यामुळे थंड राहतो, आणि तो थंडच राहायला हवा, कारण सगळा दाब त्याच्यावर. हे मीच तुला शिकवलंय. तर एका पुंगळीला मी जास्त ताव दिला आणि ती तळापर्यंत तापली. ती मी बाजूला खिडकीत ठेवली होती, चेपून टाकायला. ती चांगल्या पुंगळ्यांत मिसळली. कशी मिसळली ते मला सांगता येणार नाही.

फुटलेला तळ माझ्याकडे आहे. तो आणि एक चांगला तळ, दोन्हींवर बेअरिंगची गोळी ठेवून शिकंजात सारखीच दाबली. चांगल्यावर मुगाएवढा खळगा पडला. त्याच्यावर वाटाण्याएवढा.

म्हणून थेंब तू मोज. तुझ्याइतकं नीट कोण मोजणार.

बाबा


६ एप्रिल

साहेब,

तुझं पत्र मिळालं. तीन ओळी. वर मायना नाही, खाली सही नाही, आणि रेघ न आखता सरळ चाललेलं अक्षर. 'त्या आठवड्यात मी तुम्हाला एक पुंगळी दाखवली होती. टोपी सैल बसते म्हणून सांगितलं होतं. तुम्ही चालेल म्हणालात. का?'

मला वाटलं होतं तू हे विसरली असशील. काय बापमाणूस आहे मी, बघ. स्वतः बारीकसारीक बघायला शिकवलं आणि तीच पोर विसरेल असं धरून चाललो.

टोपी म्हणजे बार पेटवणारी ती टिकलीएवढी वस्तू, तळाच्या भोकात दाबून घट्ट बसावी लागते. ती सैल बसली याचा अर्थ भोक पसरलंय, म्हणजे पितळ मऊ आहे. शिकाऊ पोरालाही हे कळतं. तू पुंगळी माझ्यासमोर धरलीस, अंगठ्याने टोपी हलवून दाखवलीस. मी चष्मा न लावता बघितल्यासारखं केलं आणि चालेल म्हणालो.

पुंगळी मिसळली नव्हती. मी ती खोक्यात ठेवली होती. माझ्या हाताने.

आता सगळंच सांगतो, मधे थांबलो तर पुन्हा धीर होणार नाही. प्रत्येक पुंगळी झाडली की तळावर, टोपीच्या भोवती, मी सुईने एक बारीक रेघ ओढायचो, तुला माहीत आहे. बाकीच्यांवर साठ-सत्तर रेघा होत्या. एकीवर चौर्‍याण्णव होत्या. चौर्‍याण्णव वेळा भरून झाडलेली पुंगळी कुणी पाहिली नव्हती. ज्या कंपनीला माझी रचना हवी होती तिथला माणूस महिनाअखेरीस येणार होता आणि त्याला मी सांगून बसलो होतो की शंभर बार झालेली पुंगळी तुमच्या हातात ठेवतो. फुशारकी मारायला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही.

तिच्या तोंडाशी केसासारखी चीर दिसायला लागली, म्हणून नरम करायला घेतली. एकच तर होती. एकीसाठी ट्रे काढा, पाणी भरा, नंतर पुसा, कंटाळा केला. सांडशीत धरली आणि ज्योतीवर फिरवायला लागलो. तेवढ्यात फोन वाजला, त्याच माणसाचा. फोन खांद्याने कानाशी धरला, तो माझं कौतुक करत होता, आणि मी ऐकत होतो. खाली बघितलं तर पुंगळी आख्खी लाल.

कानस लावून पाहिली. लोण्यासारखी चालली नाही, पण नेहमीपेक्षा जास्त चालली, म्हणजे पितळ मऊ पडलं होतं. चेपायला शिकंजात धरलीसुद्धा. मग मनात म्हटलं, तळ मी इतरांपेक्षा तिप्पट जाड ठेवलाय, कशासाठी ठेवलाय, सहा बारांचा तर प्रश्न आहे. आणि शिकंजा सैल केला.

पुढचे तीन बार सुखरूप गेले. पंच्याण्णव, शहाण्णव, सत्त्याण्णव. दर वेळी रेघ ओढताना माझा जीव भांड्यात पडायचा, आणि थोडा गर्वही व्हायचा की बघा, केवढी जाड केली आहे. दुसर्‍या आणि तिसर्‍या बाराच्या मधे तू टोपी दाखवलीस. मी चालेल म्हणालो कारण तीनच राहतील असा हिशेब मनात चालू होता.

दादाला यातलं काही माहीत नव्हतं. त्याने त्या सकाळी खोक्यातून ती उचलली, मला तळावरच्या रेघा दाखवल्या आणि म्हणाला, 'बाबा, ही तुमची लाडकी, नीट झाडतो.' हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं, आजपर्यंत.

कमिटीसमोर तू आठवत नाही म्हणालीस तेव्हा मी तुझ्या शेजारच्या खुर्चीवर होतो. माझ्या तोंडाशी आलं होतं. खरंच आलं होतं. पण तुझ्या त्या उत्तरामुळे वाट मोकळी झालेली दिसली आणि मी मूग गिळून बसलो. तुझी आई तुला म्हणाली, माझ्यासमोर उभी राहू नकोस, तेव्हाही मी तिथेच, दाराशी होतो. तू बॅग भरलीस, तिची चेन अडकली होती, ती मी ओढून लावून दिली. तुला घालवायला मी मदत केली, साहेब.

माफी मागण्याएवढं तोंड मला राहिलेलं नाही, म्हणून मागत नाही. तू विचारलंस का, तर एवढंच आहे. शंभर म्हणता यावं म्हणून.

बाबा


१५ एप्रिल

साहेब,

आईला सांगितलं.

ती मशीनवर उशीचा अभ्रा शिवत होती. मी दारात उभा राहिलो आणि तुला जसं लिहिलं तसंच, त्याच क्रमाने सांगितलं. तिने मशीन थांबवलं नाही. मला वाटलं आवाजात ऐकू जात नसेल, म्हणून मोठ्याने बोलायला लागलो, तर म्हणाली, ऐकतेय. अभ्रा संपला, दोरा तोडला, घडी घातली. मग तिने पहिली गोष्ट विचारली ती दादाबद्दल नाही.

'तिला कधी कळवलंत?'

मी म्हणालो, मागच्या महिन्यात अर्धं, या महिन्यात पूर्ण.

'एक लेकरू गेलं,' ती म्हणाली. 'दुसरं तुम्ही घालवलंत. आणि माझ्या हातून घालवलंत.'

तेवढंच. रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं असं वाटणं हाही माझा स्वार्थच. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलत नाही, म्हणजे भाजी संपली, नळ गळतोय, एवढंच बोलते. रात्रीचं जेवण एकत्र होत नाही. ताट वाढलेलं असतं, ती आत असते.

दुसर्‍या दिवशी क्लबात गेलो. कमिटीतले दोघे अजून आहेत. त्यांच्या वहीत जुन्या नोंदीखाली मी माझ्या हाताने लिहिलं की दारू एकदाच घातली होती, भरणारीची चूक नव्हती, पुंगळी खराब झाल्याचं करणार्‍याला माहीत होतं आणि तरी त्याने ती दिली. खाली सही केली. चेअरमन म्हणाले, इतक्या वर्षांनी कशाला, झालं गेलं. मी म्हणालो, ज्याचं गेलं त्याने म्हणावं हे. नंतर वाटलं, ज्याचं गेलं त्याच्यात मीही आहे की. पण मला तसं म्हणायचा हक्क नाही.

पोलिसांकडेही गेलो होतो. तिथल्या साहेबांनी ऐकून घेतलं, दोन पानं लिहून घेतली, बोलावू म्हणाले. बोलावतील तेव्हा जाईन.

त्या कंपनीला या नव्या रचनेसाठीही नकार कळवला आहे. पोलादी कडीच्या पुंगळ्या काढल्या होत्या, त्याही एकेक करून शिकंजात चेपल्या. त्या चांगल्या होत्या, तुला दाखवल्या असत्या तर एकही परत केली नसतीस. पण त्या वस्तूला आता माझा हात लागायला नको.

आईने तुझा पत्ता मागितला. मी कागदावर लिहून दिला, तिने तो ब्लाउजमध्ये ठेवला. ती तुला काय लिहील मला माहीत नाही. मी विचारणार नाही. माझ्यावरचा राग तिच्यावर काढू नकोस एवढीच विनंती. तिला जे सांगितलं गेलं त्यावर तिने विश्वास ठेवला, आणि सांगणारा तिच्या रोजच्या जेवणाच्या टेबलाशी बसलेला होता.

बाबा


२९ एप्रिल

साहेब,

तुझं पत्र आईला परवा मिळालं. तिने ते स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचलं, मग ओट्याला टेकून पुन्हा वाचलं. मग माझ्यासमोर टेबलावर ठेवलं आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली. वाच म्हणाली नाही, पण ठेवलं ते वाचायलाच. तिच्यासाठी लिहिलेलं सगळं वाचलं नाही. शेवटचा परिच्छेद वाचला, कारण तो माझ्याबद्दल होता. 'चार तारखेला येते. मुलीला आजी बघू दे. ते घरात असतील तर मी स्टँडवरूनच परत फिरेन. मुलीने त्यांना बघायचं नाही, आणि त्यांनी तिला.'

बरोबर आहे. मी तुझ्या जागी असतो तर हेच लिहिलं असतं, आणि इतकं नीट लिहिता आलं नसतं.

मी गॅलरीत गेलो आणि आईला म्हणालो, मी जातो. ती म्हणाली, कधी. म्हणालो, तू सांगशील तेव्हा. ती म्हणाली, 'आदल्या दिवशी.' मग म्हणाली, 'आणि ती राहते म्हणाली, तर परत येऊ नका.' मी हो म्हणालो. तिने माझ्याकडे बघितलं, खूप दिवसांनी. मग ती कपडे काढायला लागली दोरीवरून.

पाण्याचे नळ आणि कॉक करणारा एक छोटा कारखाना आहे, बसने सहा तास लांब. त्यांना म्हातारा टर्नर चालतो. वर एक खोली देतात. पोलिसांना तिथला पत्ता देऊन ठेवला आहे, तुला देत नाही, तुला लागणार नाही. वर्कशॉपची किल्ली काकांकडे आहे. लेथ विकायचं की ठेवायचं ते तू आणि आई ठरवा, माझी हरकत नाही.

घराबद्दल थोडं. बाथरूमचा गीझर चालू करून पाच मिनिटं थांबावं लागतं. गॅलरीचा कठडा मुलीच्या उंचीला उघडा होता, त्याला खालपर्यंत जाळी मारून घेतली आहे. कोपर्‍यांना तारेची टोकं राहिली नाहीत ना ते दोनदा हात फिरवून बघितलं. तरी तू एकदा बघून घे. टेबलाची दोन टोकं गोल घासली. तुमची खाट दादाच्या खोलीत टाकली आहे, मशीन बाहेर आणलं. आईनेच सांगितलं तसं. ती तीन दिवस पडदे धूत आहे. तू येणार म्हणून बाजारातून छोटे चपलांचे दोन जोड आणलेत तिने, मुलीचं माप माहीत नाही म्हणून एक लहान, एक मोठा. ते तिने मला दाखवले नाहीत, कपाट उघडं राहिलं होतं.

नातीला एकदा लांबून तरी बघावं असं मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू. स्टँडवर चहाच्या गाडीमागे उभा राहिलो असतो तर तुला दिसलोही नसतो. मनाशी वेळसुद्धा ठरवून झाली होती. मग लक्षात आलं, हेही तसंच आहे. तू नाही म्हणालीस आणि मी मनात म्हणतोय, एकदाच तर, चालेल.

म्हणून तिकीट तीन तारखेच्या सकाळचंच काढलं आहे. चारला मी इथे नसेन, स्टँडवरही नसेन. गाडीतून उतरताना इकडेतिकडे बघू नकोस, सरळ घरी ये.